सल्ला किडीचा नको, पिकाचा द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर दर आठवड्याला एका किडीची किंवा रोगाची माहिती येते आणि तिच्याखाली औषधाचे नाव व दहा लिटर पाण्यासाठीचे प्रमाण छापलेले असते. ज्वारीवर मावा आला तर माव्याचे औषध, हरभऱ्यावर घाटे अळी आली तर अळीचे, डाळिंबावर तेल्या हा जिवाणूजन्य रोग दिसला तर तेल्याचे. ही कात्रणे अनेक शेतकरी जपून ठेवतात आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु या मांडणीत पीक केवळ किडीचे खाद्य म्हणून येते. ते स्वतः काय करते, याचा उल्लेख क्वचितच असतो. अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे आणि मोहोळ तालुक्यातील कोरडवाहू रानाशी घरचा संबंध असल्यामुळे मला सतत जाणवत आले आहे की, पिकाचे स्वतःचे संरक्षण कसे चालते आणि दोन-तीन शत्रू एकाच वेळी आले की ते कुठे अडते, हे शेतकऱ्याला सांगितल्याशिवाय फवारणीचा सल्ला अपुरा राहतो. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

सुरुवात आपल्या रब्बी ज्वारीपासून करतो. मालदांडी, म्हणजेच एम 35-1, हा वाण 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडला गेला आणि आजही जिल्ह्याच्या काळ्या रानात टिकून आहे. त्यामागे भाकरीची चव आणि कडब्याची प्रत आहेच, पण खोडमाशीपुढे हा वाण सहजासहजी मान टाकत नाही, हेही एक कारण आहे. खोडमाशी उगवून आठवडा झालेल्या रोपाच्या पानाखाली एकेक पांढरे, लांबट अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी पहाटेच्या ओलीवर सरकत पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरते आणि वाढीचा कोंब कापते. मधले पान सुकते, ओढले तर अलगद हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजल्याचा वास येतो. यालाच आपण पोंगेमर म्हणतो. ज्या वाणांची कोवळी पाने चकचकीत असतात आणि ज्यांच्या पानाच्या खालच्या बाजूस बारीक लव असते, त्यांच्यावर माशी अंडी कमी घालते. पोंग्यातील पानावर ओल कमी साचत असेल तर अळीची पुढची वाटही अवघड होते. इतके करूनही पोंगा मेलाच, तर ज्वारी बुडातून फुटवे काढून नुकसान भरून काढू पाहते.

याच कोवळ्या रोपात संरक्षणाची आणखी एक व्यवस्था असते आणि ती आपल्या पशुपालकांना चांगली ठाऊक आहे. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ल्यावर जनावराला विषबाधा होते, याचे कारण धुरिन नावाचे द्रव्य. 1902 साली डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी ते ज्वारीतून वेगळे काढले. गंमतीची नव्हे, तर खरोखर थक्क करणारी गोष्ट अशी की, धुरिन आणि त्याचे विघटन करणारे विकर हे दोन्ही पानात असूनही वेगवेगळ्या जागी साठवलेले असतात. पान धडधाकट आहे तोवर काहीच घडत नाही. ते चावले, चिरडले गेले की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड वायू सुटतो. रोप मोठे होत जाते तसे धुरिनचे प्रमाण उतरते. बुरशीने पानावर हल्ला केला तर ज्वारी तिसराच उपाय योजते: हल्ल्याच्या जागी तांबूस-जांभळी रंगद्रव्ये तयार होऊन तेथेच साचतात आणि बुरशीची वाढ रोखतात. अनेक वाणांच्या पानांवर जखमेभोवती दिसणारा जांभळट डाग हा बहुतेक वेळा रोगाचाच भाग समजला जातो, प्रत्यक्षात त्यात पिकाच्या प्रतिकाराचाही वाटा असतो.

आता याच ज्वारीवर थंडीत मावा येतो, पाने चिकट होऊन चमकू लागतात आणि शेतकरी म्हणतो, चिकटा पडला. कुरतडणाऱ्या किडीला जड जाणारे धुरिन माव्याला फारसे अडवत नाही, कारण मावा पान चावत नाही. त्याची केसाहून बारीक सोंड पेशींच्या मधून वाट काढत थेट रसवाहिनीपर्यंत पोहोचते, त्यामुळे पेशी फुटत नाहीत आणि साठवलेली दोन द्रव्ये एकत्र येण्याचा प्रसंगही फारसा येत नाही. एका शत्रूवर चालणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, ही झाली पहिली अडचण. मालदांडीच्या मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्याचेही असेच आहे. गडद दाण्याच्या काही ज्वारींमध्ये टॅनिन असते, त्यामुळे पाखरे आणि दाण्यावरची बुरशी दोन्ही दूर राहतात, परंतु अशा ज्वारीची भाकर तुरट लागते. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड, पांढरा दाणा निवडत आलो आणि पाखरांविरुद्धचे ते संरक्षण त्या निवडीत गेले. म्हणून कणसे भरली की मचाण आणि गोफण आली. या निवडीला मी चूक म्हणत नाही. मात्र पिकाचा कोणता गुण आपण कशाच्या बदल्यात सोडला, हे माहीत असावे एवढेच म्हणणे आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: एका शत्रूविरुद्धचे संरक्षण कधी कधी दुसऱ्या शत्रूला मदत करते, किंवा पिकाच्या मित्राला हानी पोहोचवून अप्रत्यक्षपणे त्याच शत्रूला मदत करते. हरभऱ्याचे उदाहरण घ्या. पहाटे हरभऱ्याच्या रानावरून स्वच्छ धडपे फिरवून आंब गोळा करण्याची रीत आपल्याकडे जुन्या लोकांना माहीत आहे. ही आंब म्हणजे पानांवरील सूक्ष्म ग्रंथीयुक्त केसांतून पाझरणारे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटे अळीची वाढ खुंटते, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु घाटे अळीच्या अंड्यांवर उपजीविका करणारा ट्रायकोग्रामा नावाचा जो चिमुकला परोपजीवी कीटक आपण ऊस किंवा कापसात त्याची अंडी असलेली कार्डे लावून सोडतो, त्यालाही याच आंबट पानावर वावरता येत नाही. तुरीच्या शेंगांवरील चिकट केसांमध्येही तो अडकतो. हरभरा आणि तुरीत ट्रायकोग्रामाचे काम अत्यल्प का होते, याचे उत्तर पिकाच्या अंगावरच आहे, आणि तरीही सर्व पिकांसाठी कार्डे लावण्याचा सरसकट सल्ला दिला गेलेला मी ऐकला आहे. हरभऱ्यात घाटे अळीवर कॅम्पोलेटिस हा दुसरा परोपजीवी कीटक मात्र चांगले काम करतो, कारण तो अंड्याऐवजी लहान अळीला गाठतो. अनावश्यक फवारणीत पहिला बळी त्याचाच जातो.

तुरीच्या वाणांत हा पेच आणखी स्पष्ट दिसतो. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत, म्हणजे इक्रिसॅटमध्ये, तयार झालेला आशा हा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे, परंतु शेंगा पोखरणाऱ्या अळीपुढे तो टिकत नाही. त्याच संस्थेचा अभया हा वाण अळीला बऱ्यापैकी सहनशील निघाला, तर तो मर रोगाला बळी पडू लागला. कापसात पानांवरील लव तुडतुड्यांना रोखते, पण तीच लव पांढऱ्या माशीला आणि अंडी घालणाऱ्या बोंडअळीच्या पतंगाला मानवते. सर्व शत्रूंना पुरून उरणारा वाण नाही, आणि बियाण्याच्या पिशवीवर नुसते ‘रोग व किडींस प्रतिकारक’ असे छापणे म्हणजे शेतकऱ्याला अर्धीच माहिती देणे होय.

हे पेच पडतात कसे, हे समजण्यासाठी झाडाच्या आत डोकवावे लागते. 1972 साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवून दिले की, बटाटा व टोमॅटोचे एक पान भुंगेऱ्याने खाल्ले की न खाल्लेल्या पानांतही किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात. म्हणजे जखमेचा निरोप झाडभर जातो. पुढे 1991 मध्ये टोमॅटोत अठरा अमिनो आम्लांचा सिस्टेमिन नावाचा रेणू सापडला, जो हा निरोप उठवण्यास मदत करतो. आणि झाडात प्रत्यक्ष संरक्षण सुरू करणारे मुख्य द्रव्य जॅस्मोनिक आम्ल आहे, हेही त्याच सुमारास स्पष्ट झाले. कुरतडणाऱ्या अळ्यांविरुद्ध झाड प्रामुख्याने जॅस्मोनिक आम्लाचा मार्ग वापरते. जिवंत पेशींवर जगणारे अनेक जिवाणू व बुरशी यांच्याविरुद्ध सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग वापरला जातो. हे दोन मार्ग अनेकदा एकमेकांना दाबतात. एक जोरात चालू असेल तर दुसरा मंदावतो. एकाच कणगीतले धान्य दोन्ही दारांनी काढावे तशी ही स्थिती आहे, कारण संरक्षणासाठी लागणारा नत्र, कर्ब आणि ऊर्जा हीच वाढीसाठी आणि दाणा भरण्यासाठीही लागते.

किडींनी या पेचाचा फायदा घ्यायला केव्हाच सुरुवात केली आहे. पांढरी माशी रस शोषते तेव्हा झाडात सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग चालू होतो आणि तिला खरोखर त्रास देऊ शकणारा जॅस्मोनिक मार्ग दबतो. डबल बीच्या वेलावर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, पांढरी माशी आधीच असेल तर लाल कोळी या सूक्ष्म किडीने पान खाल्ल्यावर जो विशिष्ट वास सुटून कोळ्यांना खाणारे मित्रकोळी बोलावले जातात, त्या वासाचे आकर्षणच कमी होते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण तर आपल्या रानातले आहे. 2018 साली ही अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील मक्यावरही आली. मक्याचा पोंगा उघडून पाहिला तर आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा ओलसर होऊन दाटलेली दिसते. ती घाण म्हणून आपण झटकून टाकतो, परंतु अमेरिकेतील संशोधनात असे आढळले की, त्या विष्ठेतील काही प्रथिनांमुळे मका समजतो की आपल्यावर रोगाचा हल्ला झाला आहे. मग तो रोगाविरुद्धची यंत्रणा चालवतो आणि अळीविरुद्धची यंत्रणा मंदावते. पोंग्यात शिरून राहणाऱ्या अळीला याचा किती लाभ होत असेल, याची कल्पना करता येते.

आणि मका काही गप्प बसत नाही. अळीने पान खाल्ले की अळीच्या लाळेतील द्रव्य ओळखून मका हवेत विशिष्ट वास सोडतो आणि त्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशा येतात, हे टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवले. मुळे खाणारी अळी आली तर मक्याची मुळे जमिनीत एक द्रव्य सोडून अळीला मारणाऱ्या सूत्रकृमींना बोलावतात. मात्र अमेरिकेतील बहुतेक मका वाणांमध्ये ही क्षमता उरलेली नाही, असे 2005 मध्ये आढळून आले. तिथल्या पैदासकारांनी ती मुद्दाम काढली नव्हती. फक्त उत्पादनाकडे पाहून निवड करत गेल्यावर ती नकळत सुटली. आपल्या रब्बी ज्वारीच्या गावरान वाणांत असे काय काय शिल्लक आहे आणि नवे वाण काढताना त्यातले काय सुटत आहे, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्याने विचारायला हवा, कारण हे धन आपल्याच बांधावर आहे.

या सगळ्याचा फवारणीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध थेट आहे. 1999 साली कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या शेतात थेलर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही झाडांवर जॅस्मोनिक आम्ल फवारले, तर त्यांचा किडींविरुद्धचा प्रतिकार वाढला, पण सॅलिसिलिक मार्गाने जिवाणूजन्य ठिपक्यांविरुद्ध मिळणारे संरक्षण अंशतः घटले. आणि सॅलिसिलिक मार्ग जागवणारे द्रव्य फवारलेल्या झाडांवर रोग कमी झाला, पण अळीविरुद्धचा प्रतिकार घटला. सॅलिसिलिक आम्लाची फवारणी आपल्याकडील डाळिंब बागायतदारांना तेल्याच्या निमित्ताने चांगली परिचित आहे. डाळिंबावर फुलकिडे, फळ पोखरणारी अळी, खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा हेही असतात. टोमॅटोत जे घडले तेच डाळिंबात जसेच्या तसे घडेल असे मानण्याचे कारण नाही, कारण पीक वेगळे आणि कीडही वेगळी. परंतु तेल्यासाठी दिलेल्या अशा फवारणीनंतर बागेत किडींचे काय होते, याची नोंद सल्ल्यासोबत यायला हवी. केगाव येथे 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. अशा प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी आपल्याला सोलापूरच्या बाहेर जावे लागत नाही.

कीटकनाशकाचेही तसेच. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कापूस, मका आणि टोमॅटो या तीन अगदी वेगळ्या पिकांवर निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके वापरल्यावर झाडाच्या संरक्षणाशी संबंधित जनुकांचे काम बदलले आणि कोळी ही कीड वाढली. रसशोषक किडींसाठी वापरलेल्या औषधाने कोळ्यांचे फावते, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांनी अनुभवाने सांगितली आहे; आपण तिचे कारण केवळ मित्रकीटक मेले असे देत होतो, त्यात झाडाच्या आतल्या बदलाचाही भाग असतो. युरियाचा अतिरेक हा त्याहून साधा आणि अधिक व्यापक मुद्दा. हिरवेगार, लुसलुशीत पीक डोळ्यांना बरे वाटते, परंतु रसात अमिनो आम्ले वाढली की माव्याची पैदास झपाट्याने होते, आणि ज्वारीत नत्राच्या जादा मात्रेने धुरिन वाढून वैरण म्हणून ती अधिक धोक्याची होते. म्हणजे एकाच पोत्याने मावाही वाढतो आणि जनावरालाही धोका पोहोचतो, आणि हे दोन्ही सल्ले आपल्या पानावर दोन वेगळ्या आठवड्यांत, एकमेकांचा उल्लेख न करता छापले जातात. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

याचा अर्थ फवारणीच करू नये असा कृपया कोणी काढू नये. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर फवारणी करावीच लागते, आणि सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या जिल्ह्यात हातचे पीक किडीला सोडून देण्याची ऐपत कोणाची नाही. तसेच ‘झाडाची प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर विश्वास ठेवावा, असेही मी म्हणत नाही. उलट 2021 साली जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ व जोम वाढवण्यासाठी विकली जाणारी अशी द्रव्ये, खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली गेली, तेव्हापासून बाटलीवरील नोंदी वाचून घेण्याची सवय शेतकऱ्यांना लागावी, यासाठी वृत्तपत्रांनी अधिक लिहायला हवे. प्रतिकारशक्ती ही एकच एक गोष्ट नाही, ती कोणाविरुद्ध, असा प्रश्न दुकानात विचारला गेला पाहिजे.

जुन्या पीकपद्धतीत या प्रश्नाची काही उत्तरे आधीच दिलेली आहेत. ज्वारीच्या रानाच्या कडेने काटेरी करडईच्या ओळी घेतल्या की मोकाट जनावर आत शिरत नाही. करडईवर मावा येतो हे खरे, पण त्यावर मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकही येतात. हरभऱ्यात तुरळक ज्वारी टोकली की तिच्यावर पाखरे बसतात आणि घाटे अळ्या वेचतात. आंबट केस ट्रायकोग्रामाला अडवतात, पण चिमण्या-साळुंक्यांना अडवत नाहीत. पिकाला स्वतःला जे जमत नाही ते शेजारच्या पिकाकडून करून घेणे, हा या पद्धतीचा गाभा आहे आणि एका किडीसाठी एक औषध या चौकटीत तो मावत नाही.

आपल्याकडून माझी अपेक्षा अशी आहे. कृषी पानावरील माहिती किडीच्या नावाने न देता पिकाच्या आणि त्याच्या अवस्थेच्या नावाने द्यावी: तीन आठवड्यांच्या ज्वारीवर कोणकोणते शत्रू येतात, त्यापैकी कोणाला पीक स्वतः तोंड देते, कोणासमोर ते हतबल असते, आणि एका उपायाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो. वाणाची शिफारस छापताना तो कशाला प्रतिकारक आहे याच्या शेजारीच कशाला बळी पडतो, हेही छापावे; विद्यापीठाच्या आणि संशोधन केंद्रांच्या चाचण्यांत ही माहिती नोंदलेली असते, ती मागून घ्यावी लागते इतकेच. रब्बी ज्वारी, कोरडवाहू शेती आणि डाळिंब या तिन्हींवर काम करणारी केंद्रे सोलापुरातच असल्याने तेथील शास्त्रज्ञांना लिहिते करणे आपल्या दैनिकाला अवघड नाही. रब्बीच्या पेरण्या सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतात. त्याआधीच्या अंकांत निदान ज्वारी, हरभरा आणि करडई या तीन पिकांची अशी मांडणी आली, तर शेतकऱ्याला ती बियाणे घेतानाच हाताशी मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सोलापूर